नाना बघून सांगतात

वादात सापडलेला कुठलाही सिनेमा नाना मजेसाठी बघत नाहीत. हे ते स्वतः सांगतात, न विचारता सांगतात आणि तिकीट काढून झाल्यावर सांगतात. "लोक म्हणतात वाह्यात आहे. असेलही. पण न बघता आपण कशाला बोला? आधी बघू, मग सांगू." या बघून सांगण्याला आता पन्नास वर्षं उलटली. नानांनी काय सांगितलं ते कोणाच्या लक्षात नाही. बघितलंय मात्र भरपूर.

राहतात आमच्याच मजल्यावर, डोंबिवलीत. नोकरी सरकारी लेखापरीक्षणात झाली. जिल्हा परिषदा, नगरपालिका, पंचायत समित्या यांची दप्तरं उघडायची, व्हाउचरं ताडून बघायची, हिरव्या शाईने टिका मारायच्या आणि परिच्छेदामागून परिच्छेद आक्षेप काढायचे. निवृत्त होताना शाल, श्रीफळ मिळालं. हिरवं पेन नानांनी परत केलं नाही. सोसायटीच्या नोटिशीतली बेरीज, लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखन, किराण्याचं बिल, सगळीकडे ते फिरतं. पण त्याला खरी धार चढते ती चावट सिनेमावर.

आणि नानांच्या पिढीला चावट सिनेमा म्हटलं की एकच माणूस आठवतो. दादा कोंडके. लालबाग-नायगावच्या वस्तीत वाढलेले, सेवादलाच्या कलापथकातून वर आलेले दादा. १९७१ साली त्यांचा 'सोंगाड्या' आला तेव्हा नाना बाविशीत होते आणि दादरला चाळीत राहत होते. कोहिनूर थिएटरच्या मालकाला मराठी सिनेमापेक्षा देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' भरवशाचा वाटत होता, मग शिवसेना मध्ये पडली, बाळासाहेब ठाकरे दादांच्या पाठीशी उभे राहिले आणि 'सोंगाड्या' लागला, ही कथा महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. नानांच्या कथेत मात्र ना सेना आहे, ना देव आनंद. "बाहेर एवढा गोंधळ चाललेला. म्हटलं, आत नेमकं काय आहे याची कोणीतरी शांतपणे खातरजमा करायला नको?"

खातरजमा करायला नाना घरी व्याख्यानाचं निमित्त सांगून गेले. वडील जमदग्नी. सिनेमाचं नाव काढलं की जेवणाचं ताट बाजूला सारायचे. तर 'सोंगाड्या'ची गोष्ट अशी, की नाम्या नावाचा एक भोळा पोरगा असतो, त्याच्या आयेला तमाशाचं वावडं असतं आणि पोराला नेमका तमाशाचा नाद लागतो. हे सगळं नानांनी अंधारात, ओळखीचं कोणी दिसतंय का म्हणून मान चारी दिशांना फिरवत बघितलं. घरी परतताना त्यांचं मत पक्कं झालेलं होतं. "कथानक पटलं नाही. घरच्यांना चुकवून असलं काही बघायला जातं का कोणी?" हे ते आजही गंभीरपणे म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नानांच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. रेषा हलली नाही.

वडील गेल्यावर माळ्यावरची ट्रंक उघडली, तर तळाशी 'केसरी'त गुंडाळलेले 'समाजस्वास्थ्य'चे अंक. र. धों. कर्वे यांचं हे मासिक १९२७ ते १९५३ चाललं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेत चाललं, आणि त्यातला १९३४ सालचा खटला डॉ. आंबेडकरांनी लढवला होता. अंकांच्या समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. "म्हणजे बाबासुद्धा तपासूनच बघत होते," नाना म्हणाले. वडिलांबद्दल एवढ्या जिव्हाळ्याने बोलताना त्यांना कोणी आधी ऐकलं नव्हतं.

पुढे नोकरी लागली आणि सरकारनेच नानांची सोय केली. दौरे. तालुक्याच्या गावी मुक्काम, दिवसभर धूळ खाल्लेली दप्तरं, रात्री करायला काही नाही, आणि ओळखणारं कोणी नाही. त्या वर्षांत तालुक्याच्या टॉकीजला दादाच लागलेले असायचे. 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', 'पांडू हवालदार', 'राम राम गंगाराम'. दादांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. रौप्यमहोत्सव म्हणजे पंचवीस आठवडे. नऊ पंचवीसे सव्वादोनशे. सभ्य घरातलं कोणी दादांचा सिनेमा बघत नव्हतं, असं जो तो सांगतो. मग हे सव्वादोनशे आठवडे खुर्च्यांवर कोण बसलं होतं? नानांना विचारलं तर म्हणाले, "आमच्यासारखे जबाबदार लोक."

खिडकीवर तिकीट मागायची नानांची पद्धत होती. 'पांडू हवालदार'पर्यंत अडचण नव्हती, हवालदार काय, कोणीही मागावा. पण १९७८ साली 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' आला. हे नाव शुद्ध मराठीत, अनोळखी माणसापुढे, गळ्यात चष्म्याची दोरी अडकवून कसं उच्चारायचं? नानांनी खिडकीत बोट दाखवून "एक" म्हटलं. आतला म्हणाला, "बोट कशाला दाखवताय, पैसे द्या." मागची रांग हसली. तेव्हापासून नाना नुसते पैसे सरकवतात. 'मुका घ्या मुका'च्या वेळी तर तोंडच उघडलं नाही. 'ह्योच नवरा पाहिजे' त्यांनी लग्नानंतर बघितला. काकूंनी विचारलं, कुठला सिनेमा? नानांनी खाली मान घालून नाव सांगितलं. काकू म्हणाल्या, "मला तरी कुठे निवडायला दुसरा दिला होता."

जत्रेतल्या तंबूतही गेलेत नाना. ट्रकमधून आणलेलं यंत्र, मातीत फतकल मारून बसलेलं गाव, आणि मफलरने कानशिलापर्यंत झाकलेले नाना. मध्यंतरात गॅसबत्तीच्या उजेडात शेजाऱ्याचा चेहरा दिसला, तो ग्रामसेवक. त्याच दिवशी दुपारी नानांनी त्याच्या रोकडवहीवर सात आक्षेप काढलेले.

"साहेब, आपण?"

"पाहणी," नाना म्हणाले.

"मीपण," ग्रामसेवक म्हणाला. "करमणूक कराची पाहणी."

दुसऱ्या दिवशी सातापैकी दोन आक्षेपांपुढे 'खुलासा समाधानकारक' असा शेरा पडला. नानांच्या कारकिर्दीतला एवढाच डाग, आणि तोही हिरव्या शाईचा.

आता, हे सगळं अंधारात आणि मफलरीत का, असं विचारायला हवं. कारण नाना मुळात भित्रे नाहीत. १९७२ साली तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' गाजत होतं. तेरा प्रयोगांनंतर परिनिरीक्षण मंडळाने ते अडवलं, दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात गेले, प्रयोग पुन्हा सुरू झाले. ते नाटक नानांनी भर दिवे असताना पुढल्या रांगेत जाऊन बसून बघितलं, मध्यंतरात चार लोकांना थांबवून चर्चा केली आणि तिकिटाचा तुकडा पाकिटात ठेवला. तो अजून दाखवतात. कोहिनूरच्या तिकिटाचा तुकडा त्यांनी तिथेच गटारात टाकला होता. तेंडुलकर बघितले की माणूस विचारवंत होतो आणि दादा बघितले की त्याला कारण द्यावं लागतं. नाना एकटेच असे नव्हते; दादर ते सदाशिव पेठ सगळा पट्टाच तसा होता. त्यात मी आमच्या घरालाही धरतो.

तसं बघितलं तर दादांना बघायला कारणाची गरज नव्हती. निदान सुरुवातीच्या दादांना नव्हती. 'सोंगाड्या'च्या मागे वसंत सबनीसांची लेखणी होती, आणि सबनीसांच्याच 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात शेकड्यांनी प्रयोग करून दादा तयार झालेले होते. कुठल्या गावात कुठला शब्द किती ताणायचा, हे त्यांना प्रेक्षकांनी शिकवलं होतं. १९६९ साली भालजी पेंढारकरांनी त्यांना 'तांबडी माती'त घेतलं ते उगाच नव्हे. दादांची खुबी वाक्यात कमी आणि चेहऱ्यात जास्त. वाक्य निम्म्यावर आणून सोडायचं आणि बाळबोध तोंड करून उभं राहायचं. उरलेलं वाक्य थिएटर मनातल्या मनात पुरं करतं, हसतं, आणि दादा भाबडेपणाने बघत राहतात, की या लोकांना झालं काय. डोळा कधी मारायचे नाहीत. डोळा मारणारे पुढे पुष्कळ आले. त्यांच्यात आणि दादांच्यात एवढाच फरक, पण तो फार मोठा आहे. सेन्सॉरपुढेही दादांचा बचाव हाच असे, की मी साधं बोललो, वाकडा अर्थ तुम्ही काढलात. नंतर नंतर मात्र निम्मी प्रतिभा सिनेमाचं नाव ठेवण्यातच खर्च व्हायला लागली. हिंदीत गेल्यावर तर नाव पुढे आणि सिनेमा मैलभर मागे. 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' हे नाव ज्याने ऐकलं त्याला पुढे थिएटरात जायची तशी गरज नाही. नाना गेले, हे सांगायला नको.

दादा १९९८ साली गेले. मला वाटलं होतं, नानांची तपासणी आता थांबेल. कसली थांबतेय. २०१३ साली 'ग्रँड मस्ती' आला. फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र, वर्तमानपत्रांतून आरडाओरडा. नाना म्हणाले, "रितेश देशमुख आहे त्यात. आपल्या विलासरावांचा मुलगा. आपण नाही बघायचं तर कोणी?" वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड खिशात घालून मल्टिप्लेक्सला गेले. दारावरच्या पोराने पासष्टीच्या नानांना कार्ड मागितलं नाही, याचा त्यांना अजून राग आहे. "नियम म्हणजे नियम. मला कशावरून प्रौढ ठरवलं त्याने?" त्या सिनेमाने शंभर कोटींच्या वर धंदा केला. एवढा पैसा तपासणीसाठी खर्च करणारा दुसरा समाज नसेल. नानांचा अभिप्राय एका ओळीचा होता: "दादा बरे." त्यातही आपण दादांना 'बरं' म्हणून गेलो हे लक्षात आल्यावर त्यांनी घाईघाईने 'तुलनेने' जोडलं.

यंदा सोसायटीच्या गणपतीत एक संध्याकाळ पडद्यावर मराठी सिनेमा दाखवायचं ठरलं. जुनी मंडळी 'श्यामची आई' म्हणाली. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांनी 'पांडू हवालदार' सुचवला. गणपतीपुढे दादा? खडाजंगी झाली. शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला: नानांनी बघून सांगावं. नाना नाही म्हणाले नाहीत. उलट नातवाला लगेच टीव्हीला काय जोडायचं ते जोडायला सांगितलं आणि मला बोलावून घेतलं. "पंचनाम्याला पंच लागतो."

रविवारची दुपार. नाना खुर्चीत ताठ, मांडीवर वही, वहीत पट्टीने आखलेले पाच रकाने: अनुक्रमांक, प्रसंग, प्रथमदर्शनी अर्थ, संभाव्य अर्थ, शेरा. काकू खाली बसून मेथी निवडत होत्या. १९७५ सालचा सिनेमा. दादा पांडू, त्यांच्या जोडीला तेव्हाचे तरुण अशोक सराफ हवालदार, आणि उषा चव्हाण पारू केळेवाली. नानांनी पहिली नोंद केली ती पारूच्या व्यवसायाचीच.

"केळेवालीच का?" नाना मला म्हणाले. "भाजीवाली चालली नसती? फणसवाली?"

"फणसवाली असती तरी तुम्हाला काहीतरी सुचलंच असतं," काकू मेथीतून म्हणाल्या.

नानांनी ऐकलं नसल्यासारखं केलं आणि चौथ्या रकान्यात काहीतरी लिहून त्यावर हात ठेवला.

दर पाच मिनिटांनी सिनेमा थांबत होता. "ऐकू आलं नाही." मागे. पुन्हा तेच. "शब्द नीट लागला नाही." पुन्हा मागे. वास्तविक नानांचा कान असा, की खालच्या मजल्यावर कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते इथून सांगतील. एका जागी तर चारदा मागे गेलो आणि चौथ्या वेळी दादांच्या आधी ते वाक्य नानांच्या ओठांवर येऊन गेलं. मी टीव्हीकडेच बघत राहिलो. पंचाने तेवढं सांभाळावं लागतं.

काकू मात्र खळखळून हसत होत्या. निवडलेली मेथी आणि काड्या एकत्र झाल्या तरी हसत होत्या. नानांना हसू आलं की खोकला येतो. आधी खांदे हलतात, मग नाक लाल होतं, मग रुमाल. मध्यंतरापर्यंत खोकला इतका वाढला की काकूंनी उठून खडीसाखरेची बरणी पुढ्यात ठेवली. "सिनेमा संपला की थांबेल हो आपोआप," मला म्हणाल्या. "गेली पंचेचाळीस वर्षं असंच चाललंय. डॉक्टरांना दाखवलं नाही कधी."

वही मी नंतर वाचली. पूर्वीच्या तपासण्याही तीत होत्या. 'सोंगाड्या'खाली नोंद: 'नायकाच्या अर्ध्या विजारीची नाडी गरजेपेक्षा लांब. जादा लांबीचे प्रयोजन स्पष्ट करावे.' 'पांडू हवालदार'खाली: 'केळ्यांचा प्रारंभीचा साठा व प्रत्यक्ष विक्री यांचा मेळ बसत नाही.' आणि शेवटी, जोरात खाली रेघ मारून: 'तपासणी अपूर्ण. पुनर्भेट आवश्यक.' या शेवटच्या नोंदीपुढे जुन्या शाईत १९७५, १९७९, १९८८ असे वर्षांचे आकडे होते. नानांनी त्यांच्याखाली या वर्षाचा आकडा घातला आणि शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली.

अहवाल दोन पानांचा झाला. निष्कर्ष: 'तीन ठिकाणी कात्री लावल्यास चित्रपट सहकुटुंब पाहण्यास हरकत नसावी.' ठिकाणं मिनिटा-सेकंदासकट दिलेली. अध्यक्षांनी बैठकीत वाचला आणि चष्मा काढला.

"तीन ठिकाणी नेमकं आहे काय?"

"ते लिहून देण्याजोगं नाही," नाना म्हणाले.

"मग न बघता मंजुरी कशी द्यायची?"

हा युक्तिवाद नानांच्याच शाळेतला, त्यामुळे त्यांना उत्तर नव्हतं. शनिवारी रात्री नानांच्या हॉलमध्ये कमिटी जमली. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, दोन सदस्य. महिला प्रतिनिधी आल्या, कारण महिलांचा दृष्टिकोन यायला हवा. त्यांचे यजमान आले, कारण बाई रात्रीच्या एकट्या कशा येणार, पहिल्या मजल्यावरून. आधी फक्त तीन ठिकाणं बघायची ठरलं होतं. ती सहा मिनिटांत संपली. खोली गप्प.

"मागचा-पुढचा संदर्भ लागत नाही," सचिव म्हणाले.

"सुटं सुटं बघून अन्याय होतो कलाकृतीवर," महिला प्रतिनिधी म्हणाल्या.

मग सुरुवातीपासून. साडेनऊला लावलेला सिनेमा बाराला संपला. खजिनदारांना दमा आहे हे मला माहीत होतं, पण त्या रात्री खोकत सगळेच होते; खडीसाखरेची बरणी हातोहात फिरली. चर्चेअंती असं ठरलं, की नानांच्या तीन ठिकाणांपैकी दोन निर्दोष आहेत, त्यात नाना म्हणतात तसं काही कोणाच्याही मनात आलं नव्हतं. इथे नाना जरा बावरले. उलट नानांच्या नजरेतून सुटलेली चार ठिकाणं सापडली. त्यातली दोन महिला प्रतिनिधींनी सांगितली. म्हणजे एकूण पाच झाली. या पाचांवर साध्या सदस्यांचंही मत घ्यावं, असा ठराव खजिनदारांनी मांडला आणि तो विनाविरोध मंजूर झाला.

काकू रिकामे कप गोळा करत होत्या. "किती जण येणार ते आत्ताच सांगा," त्या म्हणाल्या. "दूधवाला पाचला येतो. आणि 'श्यामची आई' बघून सांगायला कधी बसणार आहात, तेही सांगा, म्हणजे त्या दिवशी मी माहेरी जाऊन येते. चहा काही लागायचा नाही."